बिनकव्हरची कॉमिक्स

नववीत गेले त्या वर्षी वडिलांनी मला अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. आमचं गाव चांदूर बाजारापासून दोन कोसांवर. काळी शेती भरपूर, आणि घराण्यात चौथीच्या पुढे शिकणारी मुलगी मी एकटीच. त्यामुळे मी फार हुशार आहे, असा घरच्यांचा समज होता. माझाही होता.

आम्ही उशिरा पोचलो. एकाच खोलीत जागा रिकामी होती. ती का रिकामी होती, ते वडिलांना सामान उतरवल्यावर कळलं. तिथं राहणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ती सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होती. तिच्यासोबतच्या दोन मुलींनी, खोलीत हवा येत नाही असं सांगून, जागा बदलून घेतली होती. वडील वसतिगृहाच्या बाईंकडे जाऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “राहा आता. पाण्याचा गडवा आपला वेगळा ठेवजो.”

मी ठेवला. तिनं ते पाहिलं. मग स्वतःचा गडवा उचलून तिनं खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

तिच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी होती. कपडे तिनं खुंटीला टांगलेले असत, कारण पेटी कॉमिक्सनं भरलेली होती. तिचा मामा अकोल्याच्या स्टेशनावर हमाल होता. पहिल्या वर्गाच्या डब्यांत साहेब लोकांची मुलं इंग्रजी कॉमिक्स वाचून टाकून जायची, ती तो भाचीसाठी जमवायचा. कुणावर चहाचे डाग, कुणाला कव्हर नाही, कुणाची शेवटची पानं गेलेली. आमच्या वर्गातल्या मुलींचे भाऊसुद्धा कॉमिक्सच्या मागे होते, पण त्यांना हवी होती ती अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून आकाशात उडणाऱ्या माणसांची. तसं एखादं हाती आलं की ही ते देऊन टाकायची आणि बदल्यात तीन फाटकी घ्यायची. मुली तिला वेडी म्हणत.

“उडणारा माणूस सगळेच सांभाळतात,” ती मला म्हणाली होती. “हे कोणी ठेवणार नाही. हे संपलं म्हणजे संपलंच.”

तिनं ठेवलेल्या कॉमिक्समध्ये फारसं काही घडत नसे. एक बाई दिवसभर घर आवरते आणि नवरा येतो. एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं पावसात अडकतात. चित्र काढणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. ती त्यांना हातांवरून ओळखायची. “हा पाहा, याले हात काढता येत नाही, म्हणून याचे सगळे माणसं खिशात हात घालून उभे. आन् हा दुसरा. ह्या बाईचं बोट पाहा, पाण्यात भिजून सुरकुतलं. ह्या माणसानं भांडे घासले असतीन.” मी वाकून पाहिलं तर खरंच, बोटांच्या टोकांशी दोन बारीक रेघा होत्या. त्या मला दिसल्या नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला मावशीकडे होते आणि ती मामाकडे. एक दिवस ती मला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका रद्दीच्या दुकानात घेऊन गेली. दोन तास ती गठ्ठ्यांत मान घालून बसली. शेवटी तिनं पाच-सहा कॉमिक्स काढली, एकालाही कव्हर नव्हतं. दुकानदार ती उलटून पाहत म्हणाला, “काहून घेऊन राहिली वं पोरी हे? पुडी बांधाच्या कामाचंही नाही हे.”

“मले पायजे,” ती म्हणाली. त्यानं ती फुकटच देऊन टाकली. वाटेत ती इतकी खुशीत होती की मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. माझ्याकडे तेव्हा दोन रेशमी परकर होते, पण असं खूश व्हावं असं काही नव्हतं.

त्या चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांत लिहिलेलं वाचून वाचून तिचं इंग्रजी तयार झालं होतं. मला ते माहीत होतं, तरी सहामाहीचा निकाल लागेपर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं. इंग्रजीत ती पहिली आली. मी सहावी.

वडील भेटायला आले. निकालाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. “तिच्या मांगं राहिली तू?” ते म्हणाले. “गावात काय सांगू मी?” त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्यासाठी आणलेला लाडवांचा डबा मात्र त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. तसाच परत घेऊन गेले.

मी त्याच संध्याकाळी बाईंच्या खोलीत गेले.

बाई पुण्याकडच्या, कडक शिस्तीच्या. मी त्यांना म्हणाले, “बाई, तिच्या पेटीत परदेशी बायकांची चित्रं आहेत. अर्ध्या कपड्यांतल्या.” हे खोटं नव्हतं. एका कॉमिकमध्ये समुद्रावर आंघोळ करणाऱ्या दोन बाया होत्या, एवढ्याशा, पानाच्या कोपऱ्यात. मी ते पान आठवणीनं निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, न्हाण्याचा. आम्ही सगळ्या डोक्याला तेल लावून, बादल्या घेऊन मागच्या अंगणात बंबापाशी रांगेत उभ्या होतो. बाईंनी तिला पेटीसकट बोलावलं.

“उघड,” बाई म्हणाल्या. “आणि वाच मोठ्यानं. सगळ्यांना कळू दे काय वाचतेस ते. मराठीत सांग.”

तिनं वरचं कॉमिक घेतलं. आधी इंग्रजी वाचायची आणि मग अर्थ सांगायची. मुली पहिल्यांदा फिदीफिदी हसल्या. ती वाचत राहिली. एक म्हातारा आपल्या कुत्र्याला सांगत होता की पाऊस थांबला की आपण घरी जाऊ, आणि पाऊस थांबतच नव्हता. हळूहळू हसणं थांबलं. रांगेतल्या मागच्या मुली पुढे सरकल्या. एक लहान मुलगी म्हणाली, “मंग? गेले का मंग घरी?”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “पुरे,” त्या म्हणाल्या. “टाक आत.”

तिनं बाईंकडे पाहिलं.

“धर्म बदलला म्हणून साहेब नाही झालात तुम्ही लोक. टाक म्हणते ना?”

तिनं ते बंबात टाकलं. मग दुसरं. पुढं बाईंना सांगावं लागलं नाही. ती एकेक काढायची, घडी सरळ करायची आणि आत सारायची. रंगीत कागद जळताना हिरवट दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं. रडली नाही ती. पेटी रिकामी झाल्यावर तिनं फक्त विचारलं, “पेटी घेऊन जाऊ, बाई?”

त्या दिवशी पाणी चांगलं कढत झालं. मी दोन बादल्या घेतल्या.

संध्याकाळी ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायांशी जाऊन बसले. का बसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटत होती, हे एक. तिनं तोंड न फिरवता विचारलं, “बाईले कोणं सांगितलं असन?”

“त्या येतातच की मधून मधून खोल्या पाहायला,” मी म्हणाले.

“त्या आधीच्या दोघीइनं सांगितलं,” ती म्हणाली. “त्याइले पेटी मालूम होती.” थोड्या वेळानं ती उठली आणि तिनं आपला गडवा आणून माझ्या गडव्याशेजारी ठेवला. मी तो तिथं राहू दिला, आणि त्या काळी मला तो माझा मोठेपणा वाटला.

त्या दोन मुलींशी ती पुढं मॅट्रिकपर्यंत बोलली नाही. माझा इंग्रजीचा अभ्यास मात्र तिनं घेतला, रोज, दोन वर्षं. मी मॅट्रिक झाले ती तिच्यामुळे. ती जिल्ह्यात वर आली होती. बाईंनी तिचा सत्कार केला, आणि तिनं वाकून नमस्कार केला.

पुढं माझं लग्न होऊन मी अकोल्यात आले. ती तिथंच एका शाळेत इंग्रजी शिकवत होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या खोलीवर जायचे. तिनं पुन्हा कॉमिक्स जमवायला घेतली होती. आता मराठी आणि हिंदीतलीही मिळत. शाळेतली पोरं फाटकी आणून द्यायची, ती खळीनं चिकटवायची. एका फळीवर सगळी नीट लावलेली असत.

अशीच एकदा मी गेले होते. तिच्याकडे तिच्या शाळेत नवीन लागलेली एक तरुण मास्तरीण आली होती. ती जायला निघाली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून ही तिला म्हणाली, “हॉस्टेलात ही होती म्हणून मी टिकली. नाहीतर तवाच घरी पळून गेली असती.”

ती मास्तरीण गेली आणि मी सगळं सांगून टाकलं.

तिला माहीत नव्हतं. तिला कधीतरी कळलं असेल, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं की तिला खरंच माहीत नव्हतं. चहाचं भांडं तिनं खाली ठेवलं.

“काय सांगितलं होतं? शब्द काय होते?”

मी सांगितले.

“अर्ध्या कपड्यांतल्या,” ती हळूच म्हणाली. “आन् त्या दोघीइसंग मी दोन वर्षं बोलली नाही. एक तर मेली बाळंतपणात.” मग म्हणाली, “आता काहून सांगून राहिली तू?”

“माझ्या मनावर ओझं होतं.”

“तुह्यं उतरलं. मी कुठी ठेवू आता हे?”

मी रडायला लागले. तिनं मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. चहा गाळला, कपात ओतला, माझ्यापुढं ठेवला. “पिऊन जाय,” म्हणाली, आणि माझा कप रिकामा होईस्तोवर समोर बसून राहिली. तो चहा मी कसा संपवला, मलाच ठाऊक.

त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. दीडेक वर्षानं जुन्या शहरात भाजी घेताना ती एकदम समोर आली. माझ्यासोबत माझी मुलगी होती.

“बऱ्या आहा ना तुमी?” तिनं विचारलं. आम्ही दोघी चौदा वर्षांच्या होतो तेव्हापासून एकमेकींना अगं-तुगं करत होतो. मी हो म्हणाले. मुलीच्या गालाला तिनं हात लावला आणि ती पुढं निघून गेली.

“कोण होती ती?” मुलीनं विचारलं.

“शाळेतल्या एक बाई,” मी म्हणाले, आणि वांग्यांचा भाव विचारला.