सरावात न पडलेला चेंडू

“कॉलिनला शनिवारी वगळायचंय. गुरुवारपर्यंत तसा रिपोर्ट हवाय,” एवढं बोलून क्लबचे डायरेक्टर गाडीत बसले.

कॉलिन इंग्लंडमधल्या आमच्या काउंटी क्रिकेट क्लबचा सर्वांत महागडा बॅटर. वय अडतीस. सलग सहा डाव दहाच्या आत. आता वगळला तर पुढच्या वर्षी करार नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी क्लबचा अॅनालिस्ट. म्हणजे सामन्यांचं चित्रण पाहून कोण कशानं आउट होतो ते शोधणारा.

सहाही वेळा तेच दिसलं. चेंडू आत येत होता आणि त्याचा पाय उशिरा पडत होता. ‘वय झालं’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मला हल्ली घरी जायची घाई नसते, म्हणून सरावाचं चित्रणही पाहिलं. त्यात आत येणारा चेंडू एकही नव्हता. सगळे ऑफ स्टंपच्या बाहेर, त्याच्या आवडत्या ड्राइव्हसाठी. प्रत्येक फटक्याला “गुड शॉट!”

हे जपणं माझ्या ओळखीचं होतं. वसुधा, माझी बायको, गेल्यावर वर्षभर लोक माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले. तिचं नाव कोणी घेतलं नाही.

सरावाला चेंडू टाकायचा निखिल, आमचा बॅटिंग कोच. इथेच, लंडनजवळच्या स्लाऊ गावात वाढलेला. मी त्याला आत येणारे चेंडू टाकायला सांगितले.

“काका, प्लीज! दहा वर्षांचा असताना मी त्याची ऑटोग्राफ घेतलीय. त्याला नेट्समध्ये बोल्ड करू?”

“नाहीतर सामन्यात दुसरा कोणी करेलच.”

“तुम्ही ना, ओरडत नाही, पण लागतं हं!”

बुधवारी त्याने चेंडू आत आणले. पहिल्या तिनांत दोनदा स्टंप उडाले.

“हा इतके दिवस कुठे लपवला होतास?” कॉलिनने विचारलं.

“मला वाटलं, तुला आवडणार नाही.”

“नाहीच आवडला. अजून टाक.”

दीड तास तेच चाललं. हळूहळू पाय वेळेवर पडू लागला. मी रिपोर्टमध्ये पाहिलं तेवढंच लिहिलं आणि एक सामना मागितला. डायरेक्टर म्हणाले, “एकच.”

शनिवारी कॉलिनने सत्तेचाळीस धावा केल्या. शतक नव्हे, पण जागा टिकली, आणि सीझन संपताना आणखी एका वर्षाचा करारही झाला.

तेव्हापासून कोणाचा फॉर्म गेला की मी आधी त्याच्याशी फार चांगलं वागणाऱ्यांची यादी करतो.