वाघबारशीचा निबंध

मुरबाडला निबंध चारपर्यंत पोचवायचा होता. पावणेदोनला मुख्याध्यापक माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, हिच्या दिवाळीत आकाशकंदील नाही, फराळ नाही. परीक्षक दारात उभं करणार नाहीत."

तालुक्याच्या स्पर्धेत शाळेची एकच एन्ट्री. आमची होती नववीतल्या सुगंधाची. वैशाखऱ्याच्या वर डोंगरात तिची वाडी. निबंध वाघबारशीचा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर गुराखी वाघदेवाला पुजतात त्या दिवसाचा. तिथे नवी काकडी आधी देवाला, मग घरात. सुगंधानं ती चोरून खाल्ली होती. आता रानातली गाय परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. सगळं स्वच्छ शाळेच्या मराठीत. आई बोलते तेवढं मात्र वाडीच्या बोलीत.

मी नेमकं तेच लाल पेनानं सुधारलं होतं. सवय! अठरा वर्षं मी दिवाळीचा नमुना निबंध फळ्यावर लिहीत आले होते. नमुना निबंध म्हणजे मुलांनी पाठ करायचा, स्वतःचं काही न घालता. चाळीस वह्यांत तीच पणती पेटायची.

सुगंधाला बोलावलं. "एवढं बदल आणि फेअर करून दे."

तिनं लाल खुणा पाहिल्या. "नाय बाई. मंग माझा नाव काढा."

"अगं, शुद्धलेखनाचे गुण जातील."

"जाऊं द्या. मी सांगते तिथं शाळेची भाषा, ती मला येते. पन आय अशी बोलली तर ती दुसऱ्याच कुनाची आय वाटंल."

मी निबंध परत वाचला. शेवटी गाय येते. आईला चोरी सकाळपासूनच ठाऊक असते. गोठ्याच्या दारातून ती म्हणते, "आली गो. वाघदेवानी काकडी माफ केली तुला." त्यावर माझी सुधारणा होती: 'वाघदेवतेने तुला क्षमा केली आहे.' मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मराठी शिकवते, पण कुणाच्या तोंडी कुठली भाषा द्यायची हे या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"सर, आहे तसाच जाऊ दे. बोल लागला तर माझ्यावर."

"बघा बुवा," सर म्हणाले, पण सही केली. तीनच्या एसटीनं निबंध गेला.

दुसरा नंबर आला. शुद्धलेखनाचे तीन गुण गेलेच. बक्षीस समारंभात सुगंधानं निबंध वाचला. काकडी माफ झाली, तशी मागच्या रांगेतून तिची आई मोठ्यानं म्हणाली, "मीच ती!"

नमुना निबंध मी बंद केला. आता चाळीस वह्यांत चाळीस दिवाळ्या असतात आणि तपासायला चौपट वेळ लागतो. करणी माझीच, तक्रार कोणाकडे करणार?