एकोणीस नंबरचा दिवा

मोसुलात जनरेटर बसवणारे पायलीला पन्नास, पण त्याची जागा आखणारा मी एकटाच, असं अबू कुतैबा छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. बाकीचे लोक मशीन ट्रकवरून उतरवणार, चार बोल्ट आवळणार आणि चहा मागणार. हा आठ दिवस आधीच हजर. मशीनच्या ओट्याची लांबीरुंदी खडूने आखायची, धूर कुणाच्या खिडकीत शिरेल ते बघायला सिगारेट पेटवून मागच्या अंगणात उभं राहायचं, मग वही घेऊन एकेका दुकानात जायचं आणि विचारायचं, "वीज गेली तर तुला काय काय चालू लागतं? खरं सांग."

खरं कोण सांगतो? एक पंखा म्हणणाऱ्याकडे दोन एसी निघायचे.

"हा एसी कुणाचा रे? आला असेल पाहुणा!" असं म्हणून तो वहीत गुपचूप खरा आकडा लिहायचा.

त्याचं स्वतःचं नाव धन्नून. पण पोराचा बाप झाल्यावर त्या नावाने हाक मारतंय कोण? कुतैबाचा बाप म्हणून अबू कुतैबा, आई म्हणून उम्म कुतैबा. पोरगा नाहीसा झाला त्याला नऊ वर्षं झाली होती. तरी दिवसातून तीसदा ते नाव बापाच्या कानावर आदळायचंच.

हाजी ग़ानिमच्या चार मजली इमारतीचं काम आलं तेव्हा तो दोन दिवस हो-नाही करत राहिला. तिसऱ्या मजल्यावरचं एकोणीस नंबरचं दुकान कुतैबाचंच होतं. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. एके दुपारी शेजारच्या इद्रीस शिंप्याला म्हणाला, "आईचं गुडघ्यांचं औषध घेऊन आलोच. दिवा राहू दे." वाटेत नाक्यावर बंदूकवाल्यांनी गाडी थांबवली आणि त्याला उतरवून घेतलं. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नाही. कबर नाही, कागद नाही.

उम्म कुतैबाने तेव्हाच बजावलं होतं, "जो लावून गेला तोच विझवेल. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला तर माझ्याशी गाठ आहे!" त्यामुळे शटर बंद आणि आत दिवा चालू, असं ते दुकान होतं. सरकारी वीज गेली की गल्लीच्या जनरेटरवर, तोही थांबला की बॅटरीवर. सगळी तारजोड बापाने केलेली. दर गुरुवारी भाजी घेऊन परतताना ती समोरच्या फुटपाथवर थांबायची, वरच्या खिडकीतला उजेड बघायची आणि घरी जायची.

आता नव्या जनरेटरच्या पेटीत चोवीस दुकानांच्या चोवीस लायनी बसत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर शैमा म्हणाल्या, "चाचा, मला फ्रिजसाठी वेगळी लाईन लागेल. परवाच्या उन्हात सगळं इन्सुलिन फुकट गेलं. पेशंटला काय तोंड दाखवू?"

म्हणजे झाल्या पंचवीस. हाजी ग़ानिम मनाने मोठा माणूस. तो म्हणाला, "मोठी पेटी मागवू. महिना लागला तर लागू दे. एकोणीस नंबरला कुणी हात लावायचा नाही."

"महिनाभर इन्सुलिन काय तुमच्या खिशात ठेवणार, हाजी?" अबू कुतैबा म्हणाला. त्याने वही उघडली, एकोणीसपुढचं नाव खोडलं आणि तिथे 'फ्रिज' लिहिलं. हाजीने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे हात धरून आभार मानले. ते त्याला सोसवेना, कारण खरं काय ते त्याचं त्याला माहीत होतं. एका दिव्यापुरती वाट तो कुठूनही काढू शकला असता. उभा जन्म त्याने दुसरं केलं काय? पण तो थकला होता. नऊ वर्षं बॅटरीत पाणी भरून, जळालेले दिवे बदलून, रोज येताजाता वर बघून थकला होता. पेटीत जागा नाही, हे निमित्त त्याला मिळालं आणि त्याने ते घट्ट धरलं.

मंगळवारी सकाळी त्याने एकोणीस नंबरच्या सगळ्या जुन्या तारा कापल्या, बॅटरी खाली आणली. बायको येणार गुरुवारी. बुधवारी जेवताना तिला नीट सांगू, असं त्याने ठरवलं होतं. पण मंगळवारीच तो जेवणाचा डबा घरी विसरला. इतक्या वर्षांत कधी विसरला नव्हता.

दुपारी तो मागच्या अंगणात ओट्याच्या ओल्या सिमेंटवर पट्टी फिरवत होता. एवढ्यात वरून इद्रीसची हाक आली, "अबू कुतैबा, लवकर वर या! वहिनी आल्यात. मला काही सुचेना झालंय!"

तो जिन्याकडे धावला. पहिल्याच वळणावर तिची चप्पल पडली होती, दुसऱ्यावर त्याच्यासाठी आणलेलं डोलम्याचं, भरल्या भाज्यांचं भांडं, झाकणही न उघडलेलं. हीच बाई घरात दोन पायऱ्या चढताना भिंत धरायची. वरून तिचा आवाज येत होता, आणि असा आवाज त्याने नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

"कुतैबा! अरे, दिवा विझवलास, मी खालूनच बघितलं! दार उघड ना रे! किती वेळ लावतोस?"

शटरवर दोन्ही हात आपटत ती हसत होती. नवऱ्याला बघताच म्हणाली, "किल्ली काढा लवकर! आत आहे तो. आईची थट्टा करतोय मेला."

अबू कुतैबाने जिन्याचा कठडा धरला. "मी विझवला," तो म्हणाला. "तार मी कापली, उम्म कुतैबा. आज सकाळी."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही कशाला विझवाल?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही तर त्याचे वडील."

किल्ली काढून त्याने शटर वर केलं. ती आत गेली आणि भिंत धरत बटणापाशी पोचली. बटण अजून चालूच होतं, पोराने ठेवलं होतं तसं. तिने त्याला हात लावला नाही. ती पोराच्या खुर्चीत बसली, दाराकडे तोंड करून.

"चल घरी," तो म्हणाला. "मी पुन्हा जोडतो. आत्ता जोडतो."

"तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली. "मी बसते इथे. उजेड नाही आता, त्याला दुकान सापडायचं नाही. हाक मारायला कुणीतरी हवं."