बूट राहू द्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. म्हणजे, सांगितलं आहे, पण जे सांगितलं ते खोटं आहे. आणि ते इतक्यांदा सांगून झालंय की आता माझा आवाजसुद्धा अडखळत नाही. खरं सांगायला बसलोय तर बघा, पहिल्याच ओळीत चाचरतोय.

तुम्ही वॉटर्लूला माझ्या घरी आलात तर दारातच विचाराल — बूट काढू का? कॅनडात सगळेच काढतात, बर्फाचा चिखल असतो. मी नुसता "हो" म्हणतो आणि आत निघून जातो. बायको म्हणते, पाहुण्यांशी असं तुटक काय वागता? काय सांगू तिला?

नितीनपासून सुरुवात करतो. सात वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीत होतो, लग्न व्हायचं होतं. फ्लॅट माझ्या नावावर होता आणि आतल्या खोलीत नितीन राहायचा. तो वर्ध्याचा, मी नागपूरचा, म्हणून मला भाऊ म्हणायचा. त्याची नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपली होती, आणि दुसरी नोकरी मिळाली की कागद सरळ होतील या आशेवर तो थांबला होता. त्याला अमेरिकेच्या राज्यघटनेचं भलतंच वेड. कांदा चिरता चिरता मला चौथी घटनादुरुस्ती समजावून सांगायचा — न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट नसेल तर सरकारच्या माणसाला तुमच्या घरात पाऊल टाकता येत नाही, आणि हे काही फक्त नागरिकांसाठी नाही भाऊ, इथं राहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. मी त्याला वकीलसाहेब म्हणून चिडवायचो. कुठल्याशा कार्यक्रमातून त्यानं एक कार्ड आणलं आणि दाराला आतून चिकटवलं. दार उघडू नका. वॉरंट दाराखालून सरकवायला सांगा. आत या म्हणू नका. इतकंच होतं त्यावर.

एका सकाळी इमिग्रेशनचे दोन अधिकारी आले आणि त्याला घेऊन गेले. पुढे मी जगाला सांगितलं ते असं — मी वॉरंट मागितलं, ते नव्हतं, मी दारात आडवा उभा राहिलो, त्यांनी मला ढकललं आणि ते आत घुसले.

मला कोणी ढकललं नाही.

त्यातला एक जण वयस्कर होता, चांगला बोलत होता. मी दार उघडलं तेव्हा त्यानं उंबऱ्याजवळची आमच्या चपलांची रांग पाहिली आणि विचारलं, बूट काढायचे का? घरात यायची परवानगी त्यानं मागितलीच नाही, बुटांची मागितली. आणि मी म्हणालो, "नो नो, इट्स ओके, कम इन." अगदी हसून. पाहुण्याला म्हणावं तसं — बूट राहू द्या, आत या.

सवयीनं गेलं तोंडातून. दारात आलेल्या माणसाला आपण बाहेर ताटकळत ठेवतो का? लहानपणापासून हेच शिकलो ना आपण? कित्येक वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आलो. तुम्हालाही पटलं असतं कदाचित. पण...

पण तेही खरं नाही.

दार उघडण्याआधी मी दाराच्या भिंगातून पाहिलं होतं. ते कोण आहेत ते मला कळलं होतं. कार्ड माझ्या नाकासमोर होतं आणि मी ते वाचलं — तिन्ही वाक्यं, सावकाश. माझा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. घाबरलो होतो, हे खरं. पण त्या भीतीतही डोकं अगदी नीट चालत होतं. ते म्हणत होतं, हे माझ्यासाठी आलेले नाहीत. आपण नीट वागलो तर आपल्याकडे वळूनही बघणार नाहीत. मग मी कडी काढली. आत आल्यावर त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण आहे? तेव्हाही मला गप्प राहता आलं असतं. मी तोंडानं काही बोललो नाही. हात उचलून आतली खोली दाखवली.

नितीन बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर टॉवेल होता. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, अंग चोरून. त्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्यानं विचारलं काय? "भाऊ, तुम्हाला लागलं तर नाही ना?"

खोटं तिथेच जन्मलं. त्यानंच ते माझ्या हातात दिलं आणि मी घेतलं.

इमिग्रेशनवाले धरलेल्यांना ठेवतात त्या तुरुंगासारख्या जागेतून दोन दिवसांनी त्याचा फोन आला. वकील मिळाला होता. वकिलानं दोन रस्ते सांगितले होते. स्वतःहून देश सोडायचा, म्हणजे नावावर डाग राहत नाही. नाहीतर लढायचं — संमतीशिवाय आत शिरले असतील तर घटनेप्रमाणे ते चूक होतं, आणि लढाई तेवढ्यावरच उभी होती. "भाऊ, तुम्ही आत या म्हटलं नाही ना?" नितीननं विचारलं. मी म्हणालो, "नाही रे. ढकललंच त्यांनी." तो म्हणाला, "मग लढतो मी." त्याचा आवाज केवढा मोकळा झाला होता!

मी एक वाक्य खरं बोललो असतो तर तो त्याच आठवड्यात घरी गेला असता, डाग न लागता. तो अडीच महिने आत बसला. माझ्या शब्दावर बसला. वकिलाचा मला फोन आला, शपथेवर लिहून द्या म्हणाला. शपथेवर खोटं लिहायची छाती नव्हती आणि खरं सांगायची त्याहून नव्हती. मी आज देतो, उद्या देतो करत राहिलो. तेवढ्यात कंपनीनं कॅनडात बदली देऊ केली, ती मी घेतली आणि फोन नंबर बदलला. ज्या ग्रीन कार्डासाठी हे सगळं केलं, ते तिथेच सोडून आलो. साक्षीदार नाही म्हणून नितीन हरला. हद्दपारीचा हुकूम त्याच्या नावावर चढला.

पुढच्या दिवाळीला त्यानंच मला शोधून मेसेज केला. भाऊ, तुमचीही नोकरी होती, मी समजू शकतो, तुम्ही दारात उभे राहिलात तेवढं पुष्कळ झालं. हा मेसेज मी किती वेळा वाचला असेल? पुसून टाकायचंही धाडस झालं नाही.

नंतर त्याची धाकटी बहीण मेघा शिकायला इकडे आली. आता ब्रॅम्पटनला राहते, शेजारच्याच वॉन शहरातल्या एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर आहे. दर वर्षी मला राखी बांधते. का बांधते ते तुम्हाला कळलंच असेल. मी हात पुढे करतो, ओवाळून घेतो, पेढा खातो.

दोन महिन्यांपूर्वी ती लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली. "भाऊ, दादाचा व्हिसा रिफ्यूज झाला," म्हणाली. "फॉर्मवर विचारतात ना, कुठून डिपोर्ट झालात का? त्यानं हो लिहिलं. तो कुठं खोटं बोलतो?" मग पत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाली, "कानपिळीला तुम्ही उभे राहाल ना? दादाच म्हणाला, भाऊंनाच सांग."

तेव्हा सांगायला हवं होतं. बायको चहा टाकायला आत गेली होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. यापेक्षा बरी वेळ कोणती मिळणार होती? मी म्हणालो, "अगं, विचारतेस काय!"

गेल्या शनिवारी लग्न झालं. मांडवाच्या खांबाला फोन बांधला होता आणि त्यात नितीन होता, वर्ध्याच्या घरात, फेटा बांधून बसलेला. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायची वेळ आली तेव्हा तो फोनमधून ओरडला, "जोरात पिळा भाऊ, बहीण देतोय आपण!" सगळे हसले. मी कान पिळला. नवरदेवाकडच्यांनी भावाचा मान म्हणून मला शर्टपँटचं कापड दिलं, टोपी घातली. जेवणाआधी मेघानं माइक घेऊन पाहुण्यांना सांगितलं की हे भाऊ माझ्या दादासाठी पोलिसांसमोर दारात उभे राहिले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोनमधल्या नितीननंही वाजवल्या.

मी नमस्कार केला.

काल मेघानं फोटो पाठवले आहेत. कानपिळीच्या फोटोत खांबावरचा फोन आलेला नाही, कॅमेऱ्याच्या बाहेर राहिला. नवरदेव आहे, मेघा आहे, आणि नितीनच्या जागी मी आहे.