गाठीतली पैरण

मी माझी एकुलती एक नवी पैरण कापसाच्या गाठीत दाबून टाकली. दुसऱ्या कुणी नाही, मीच. नुसती दाबली असती तर एक वेळ चाललं असतं. तिच्यावर उभा राहून मी गाणं म्हणत नाचलो.

जालन्यात असं करणारा माझ्याआधी कुणी झाला नाही. नंतरही झाल्याचं ऐकलं नाही. म्हणून सांगून टाकतो.

निजामाचं राज्य होतं. स्टेशनाच्या अंगाला जिनिंगची धुराडी हंगामागणिक वाढत चालली होती. अंबड, घनसावंगीकडून कापसाच्या गाड्या यायच्या. जिनमध्ये सरकी वेगळी व्हायची, रुई वेगळी. रुईच्या गाठी रेल्वेनं मुंबईच्या गिरण्यांत जायच्या आणि तिकडून कापड होऊन आमच्याच बाजारात परत यायच्या. दुकानाच्या फळीवर मांजरपाटाचं ठाण दिसलं की मला ते ओळखीचं वाटायचं. वाटणारच. त्याच्यावर मी नाचलेलो असायचो.

कामच तसं होतं. विहिरीसारखी खोल लाकडी पेटी. वरून रुई पडायची, आम्ही आत उतरून ती पायांनी तुडवायची. पेटी भरली की बाहेर निघायचं. मग यंत्राचा दाब यायचा, वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. आत ढगासारखं गेलेलं बाहेर धोंड्यासारखं यायचं. तीच गाठ.

तुडवणारे आम्ही सगळे महारवाड्यातले. आमच्या हातचं पाणी जिनमध्ये कुणी घेत नव्हतं. आमच्या पायाखालची रुई मात्र सगळ्यांना चालत होती.

आणि पेटीत उतरायचं ते लंगोटीवर. हा फाटकावरच्या जमादाराचा कायदा. कपड्यात रुई लपवतात म्हणे. सकाळी आत आलं की भिंतीशी कपडे काढून खुंटीला टांगायचे. संध्याकाळी तसंच उघड्या अंगानं रांगेत उभं राहायचं आणि उड्या मारायच्या. रुई लपवली असेल तर गळून पडेल. मग जमादार एकेकाला लंगोटी सोडायला लावायचा, बघायचा आणि 'चल' म्हणायचा. मुनीमजीही त्याच फाटकातून जायचे. त्यांच्या टोपीवर, कोटावर, मिशीवर इतकी रुई असायची की एक उशी भरली असती. त्यांना जमादार रामराम घालायचा.

तुम्हाला वाटेल, ह्याचा मला संताप यायचा. खोटं कशाला बोलू? नाही यायचा. सकाळी तोंड धुवावं तसं ते रोजचं झालं होतं. उलट सगळ्यात उंच उडी कोण मारतो ह्याच्या आम्ही पैजा लावायचो. मी बऱ्याचदा जिंकायचो. एवढा मी शहाणा.

मंग पैरण आली.

माझी माय जिनमध्येच होती. बायांच्या घोळक्यात बसून कापसातला पालाकचरा निवडायची. तीर्थपुरीचे पाव्हणे मला बघायला येणार होते, पोरीचा बाप आणि चुलता. म्हणून तिनं मांजरपाट घेतला आणि बाजारातल्या दर्ज्याकडून पैरण शिवून आणली. गळ्याशी पितळी गुंड्या. आमच्या घरात त्याआधी कुणासाठी कोरा कपडा शिवलेला मला आठवत नाही.

"उद्याच्याला घाल," माय म्हणाली. "आज हात बी लावू नको."

मी त्याच दिवशी घातली. अंगात पितळी गुंड्या आहेत आणि जिनमधल्या कुणाला ते ठाऊक नाही, हे मला सोसवेना. त्यात त्या दिवशी हंगामातल्या पहिल्या गाठीची पूजा होती. खुद्द तालुकदारसाहेब येणार होते. म्हणजे जिल्ह्याचे मोठे अंमलदार. म्हटलं, ते शेरवानी घालून येणार, आपण काय कमी?

फाटकावर जमादार उभा. तो मूळचा आमच्याच भागातला मराठी माणूस. पण फाटकावर उभा राहिला की त्याच्या तोंडून हुकूम दखनीतच निघायचा.

"क्या रे, नौशा बन के आया?" तो म्हणाला. "उतार."

नवरदेवानं पैरण उतरवली.

खुंटीला टांगायला गेलो आणि थांबलो. त्या भिंतीखाली शेळ्या फिरायच्या. आदल्या हंगामात एका शेळीनं किसनाचं धोतर अर्धं खाल्लं होतं. किसना म्हणजे पेटीतला माझा जोडीदार. "कोरं कापड त्यांला जास्त आवडतं," हे त्यानं मला अनुभवानं सांगितलेलं. मी पैरणीची गुंडाळी केली, काखेत मारली आणि तशीच पेटीत नेली. कोपऱ्यात ठेवली, वर थोडी रुई सारली. पेटी भरत आली की काढून घेऊ, म्हटलं.

तेवढ्यात बाहेरून जिनच्या मालकाचा, सेठचा आवाज आला. "मुहूर्त चालला रे! जल्दी करा, जल्दी!" साहेबांची मोटार आल्ती. वरून रुई धबाधबा पडायला लागली. किसनानं गाणं धरलं. गाणं लागलं की मी कामातून गेलो. मी ताल धरला, पाय उचलले, गिरक्या मारल्या. कोपऱ्यात पायाला काहीतरी टोचलं. सरकी राहिली असेल म्हणून मी तिथं टाच जरा जास्तच मारली.

बाहेर निघालो. दाब आला. पट्ट्या बसल्या. आणि मग माझा हात काखेत गेला.

"किसना."

"काय?"

"पैरण."

"कुनाची?"

"माझी. आत ऱ्हायली."

किसनानं गाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसू दाबायला तोंडात रुईचा बोळा कोंबला.

"नंगे लोगां पीछे!" जमादार ओरडला. "साहब के सामने नको!"

आम्हाला सरकीच्या ढिगामागं उभं केलं. तिथून मी बघत होतो. गाठ पाटावर ठेवली. तिला हळदीकुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला. तालुकदारसाहेब खुर्चीवर बसून होते. सेठनी पागोटं सावरलं, डोळे मिटले आणि गाठीवर कपाळ टेकलं. मनापासून टेकलं. सेठ देवभोळा माणूस. पण त्यांनी कपाळ टेकलं ती बाजू आमच्या कोपऱ्याची. आत माझी पैरण होती. घामासकट.

मग मुनीमजींनी कपाळ टेकलं. मग जमादारानं.

मला आवरेना. मी हसलो. बारीकसं नाही. ढिगावरची सरकी घरंगळली इतकं.

"कोन हसला?" सेठ म्हणाले.

जमादारानं मला कानाला धरून बाहेर ओढलं आणि साहेबांच्या खुर्चीपुढं उभं केलं. लंगोटीवर. पलीकडं कापूस निवडणाऱ्या बाया. त्यात माय.

"हसता क्या रे?"

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी म्हणालो, "सेठ, गाठीत माझी पैरण हाये."

सेठचा हात हळूच वर गेला. उपरण्याच्या पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. परत पुसलं. गाठ लागली होती तिथंच, कातडी लाल होईस्तोवर.

माझं हसू तिथंच गेलं. ती रुई मी टाचांनी तुडवली होती. माझ्या पायांचा घाम तिच्यात मुरला होता. ते चाललं होतं. पैरण चालली नाही. पाय बैलालाही असतात. पैरण माणसाची असते.

"गिरणीत गाठ फुटली अन् आत कपडा निघाला तर आपल्या मार्क्याची इज्जत जाईल," मुनीमजी म्हणाले. "फोडा."

पट्ट्या तोडल्या. गाठ फसकन फुगली आणि हळदीकुंकवासकट पसरली. पैरण निघाली, पापडासारखी. तिला हात लावायला कुणी धजेना. जमादारानं ती काठीच्या टोकावर उचलली आणि साहेबांना दाखवली.

"चोर है हुजूर. कपडे में रुई ले जाता था."

पैरणीत रुई नव्हती, रुईत पैरण होती. पण हे मला कुणी विचारलं नाही.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "तलाशी लो," म्हणाले.

"उड्या मार," जमादार म्हणाला. घाईत मराठीत म्हणाला.

मी मारल्या.

मला कुणी धरलं नव्हतं. कुणी ढकललं नव्हतं. नुसतं 'मार' म्हटलं आणि पाय आपोआप उडाले. चांगले उंच. साहेब हसले. ढिगामागून किसनाही हसला. मला वाटलं, आज पण पैज जिंकली. आणि मग माय दिसली. रोज बायांना आधी सोडायचे, त्यामुळं आमची संध्याकाळची झडती तिनं कधी बघितलीच नव्हती. ती आता बघत होती. मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि पाठ फिरवली.

"लंगोटी छोड."

माझा हात कमरेला गेला. सवयीचा हात, त्याला काय. तिकडं मायची पाठ हलत होती. आवाज नव्हता.

हात थांबला.

"न्हाई," मी म्हणालो.

"क्या?"

"न्हाई सोडत."

काठीवरची पैरण मी ओढून घेतली आणि डोक्यातून घातली. मोठं काम झालं ते. बाह्या चिकटलेल्या, डोकं आत अडकलं. आत अंधारात असतानाच जमादाराची काठी खांद्यावर बसली. पैरणीवरून खाल्लेली ती माझी पहिली काठी. कमी लागते. मग डोकं बाहेर आलं.

"आता घ्या झडती," मी म्हणालो. "पन मुनीमजीपासून सुरू करा. मिशीपासून."

बायांत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब उठले आणि मोटारीकडं चालू लागले. सेठ त्यांच्यामागं धावले, परत आले. फुटक्या गाठीकडं बघत म्हणाले, "माझा मुहूर्त गेला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पेटीत उतरायचं तर कपडा काढ. नाहीतर फाटक तिकडं आहे. परत यायचं नाही."

मला वाटलं, किसना तरी माझ्यासंगं येईल. किसनानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि पेटीत उतरला. त्याच्यामागं बाकीचे.

मी फाटकाबाहेर आलो. बाहेर बसवेना. स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो. परत गेलो. आतून गाणं ऐकू येत होतं. माझ्याशिवाय ताल बराबर पडत होता, ह्याचं वाईट वाटलं. उद्या पाव्हणे येणार. बिनकामाच्या पोराला पोरगी कोण देतं? एकदा पाय फाटकाकडं वळलेही. जावं, माफी मागावी, सेठच्या पायाशी पैरण काढून ठेवावी. गुंडी सोडायला हात गळ्याशी नेला. गुंडी लागेना. दाबात तुटली असेल, म्हटलं. हात तसाच गळ्यावर राहिला आणि पुन्हा ती पाठ आठवली.

त्या पाठीसमोर मी उड्या मारल्या होत्या. उंच.

भोंगा झाला. बाया बाहेर आल्या. माय आली, तशीच पुढं चालू लागली. मी मागोमाग. आत रांग लागली असणार. किसना उडी मारत असणार.

बरंच चालल्यावर ती म्हणाली, "पाव्हण्यांला काय सांगू? पोरगा काय करतो म्हनून इचारतील."

"सांग, जिनच्या फाटकावर उभा ऱ्हातो. आत जानाऱ्या एकेकाला म्हनतो, कपडे काढू नका."

"अन् कोन ऐकन तुझं?"

"उद्या कुनी न्हाई. परवा बी न्हाई. तरी मी हाये. जमादार मारन, तरी हाये. ह्या जिनच्या फाटकावरून हाकललं तर दुसऱ्या जिनच्या. ज्या दिवशी पेटीतली मान्सं कपड्यानिशी उतरतील, त्या दिवशी मी घरी बसन. तवर पोरगी दिली तर दिली, न्हाई तर न्हाई."

एवढं लांब मी जन्मात बोललो नव्हतो. छाती भरून आली. माय थांबली. तिनं मला पुढून बघितलं. मग मागं जाऊन बघितलं.

"ऱ्हा उभा," ती म्हणाली. "पन आधी पैरण सुलटी घाल, मुडद्या. गुंड्या पाठीवर आल्यात. जगाशी भांडाया निघाला, अन् दिसभर असाच मिरवून राह्यला."