ओठ मिटलेच नाहीत

काडीला आपल्या कामाची शिसारी यायची. मेलेल्याच्या जिभेवर तिनं अंगठा टेकवून काढला की तो एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यापुरता जागा व्हायचा. ही विद्या तिच्या अंगात जन्मतःच होती. पण ती जीभ! गार, बुळबुळीत, आणि घशातून येणारा तो आंबूस भपकारा. घरी गेल्यावर ती हात लाल होईस्तोवर घासायची, तरी जेवताना तो अंगठा घासाला लागू द्यायची नाही.

मेलेल्याला श्वास नसतो, त्यामुळे आवाज फुटत नाही, नुसते ओठ हलतात. ते वाचून नातेवाइकांना सांगायचं काम मामाचं. लहानपणी काडीनं सगळ्यात आधी उठवलं ते स्वतःच्या आईला. ‘मामाचं ऐक’ असं आई म्हणाली, हे मामानंच सांगितलं. तेव्हापासून काडी मुकाट्यानं ऐकत आली होती.

त्या दुपारी शवागारात एक शिवणकाम करणारी बाई आणली होती, जिन्यावरून पडलेली. तिच्या बहिणीनं विचारलं, कशी पडलीस? नवरा भिंतीला टेकून रुमालानं डोळे पुसत होता. काडीनं नाक आवळून अंगठा टेकवला आणि झटकन काढून घेतला. ओठ हलले, थांबले.

“पाय घसरला म्हणतेय,” मामा मऊ आवाजात म्हणाला. “कुणाचा दोष नाही.”

इस्पितळाच्या लाँड्रीत काम करणारी काडीची मैत्रीण तेव्हा चादरी घेऊन दारात उभी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती माणसांचे ओठ वाचायची आणि बोलायची हातांनी. ती भाषा काडीनंही शिकून घेतली होती. मैत्रिणीनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि हातांनी सांगितलं, नवऱ्यानं ढकललं, असं म्हणाली ती.

काडीला पटेना. मग मैत्रिणीनं काडीचीच बोटं काडीच्या ओठांवर ठेवली आणि ‘पाय’ म्हणायला लावलं. ओठ मिटले. त्या बाईचे एकदाही मिटले नव्हते.

काडीच्या तोंडातून आपसूक दुसरा शब्द निघाला, “मामा.” ओठ दोनदा मिटले. आईचा चेहरा तिला लख्ख आठवत होता. आईचे ओठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडेच होते.

तिथल्याच बेसिनमध्ये ती ओकली. मग तोंड धुऊन आत गेली आणि बहिणीला खरं काय ते सांगितलं. नवरा अंगावर धावून आला. बहिणीनं प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला आणि डॉक्टरांना पुन्हा तपासायला लावलं. पाठीवर दोन तळव्यांचे वळ निघाले. नवऱ्याला पोलीस घेऊन गेले.

मामा मात्र शांत होता. माणसं समाधानानं परत गेली की झालं, अशी त्याची समजूत. नवरा त्याला सकाळीच भेटून गेला होता, हेही त्यानं लपवलं नाही.

“आई काय म्हणाली होती?” काडीनं विचारलं.

“मला कुठे ओठ वाचता येतात?” मामा म्हणाला. “कधीच येत नव्हते. तू रडत होतीस, काहीतरी सांगायला नको?”

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात कोरडा होता, उबदार होता, आणि काडीला त्याची इतकी किळस आली की ती दोन पावलं मागे सरली.

आता ते काम काडी आणि तिची मैत्रीण करतात. प्रेत जे म्हणेल तेच सांगू, असं त्या आधीच बजावतात. ते ऐकून बरेच जण दारातूनच मागे फिरतात.