मुंग्यांनी वाचलेलं नाव

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुणी घरी येऊन शाल देतं, तेव्हा त्याचं काहीतरी काम असतंच. माझ्या सावेडीच्या घरी शाल घेऊन आले ते राहुरीच्या पुढच्या एका गावातल्या पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष. तालुका घडवणाऱ्या पुढाऱ्यांवर ग्रंथ काढायचा होता आणि त्यांच्या आजोबांचं प्रकरण मी लिहावं, अशी त्यांची इच्छा होती. आजोबांनी गावचा बंधारा बांधला, पुढे आमदारकी केली. हार घातलेला फोटोही सोबत आणला होता. अशा ग्रंथांतले थोर पुरुष मला सगळे सारखेच दिसतात. फेटा, मिशी आणि दूरदृष्टी. तरी मी हो म्हटलं.

बंधारा बघायला मी एकटीच गेले. कोनशिलेवर आजोबांचं नाव लाल ऑइलपेंटने रंगवलेलं होतं. दर जयंतीला त्यावर नवा हात मारतात. पण त्याखाली चुन्याच्या पापुद्र्यांत एक कोरलेली ओळ दडली होती. मी ब्रशने घासू लागले, तशी शेजारच्या कांद्याच्या वावरातून एक म्हातारी उठून आली.

"त्ये माझ्या बापाचं नाव हाय," ती म्हणाली. "लोकं गोळा करून त्यानंच बांधला बंधारा. पन लिव्हू नका, बाई. ह्या संस्थावाल्यांना कळलं तर माझी पान्याची पाळी तोडतील. मी एकटी बाई, ह्या कांद्यावरच हाय सगळं."

मी तिला शब्द दिला. मग ती हळूच म्हणाली, "एकडाव वाचून तेवढं दावा. मला वाचता येत न्हाई."

झिजलेला लेख वाचायची आम्हा इतिहासवाल्यांची जुनी रीत आहे, अक्षरांत पीठ चोळायचं. तिने घरातून मूठभर बाजरीचं पीठ आणलं. मी ते दगडावर चोळलं आणि नाव उठून आलं. मी मोठ्याने वाचलं. म्हातारीने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि ती रडली. निघताना तिने पदराने दगड स्वच्छ पुसला. निदान आम्हां दोघींना तसं वाटलं.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला. आवाज एकदम गोड.

"मॅडम, मुंग्यांना वाचता येतं का हो?"

त्यांनी व्हिडिओ पाठवला होता. अक्षरांच्या खाचांत राहिलेल्या पिठाला मुंग्या लागल्या होत्या. पांढऱ्या दगडावर म्हातारीच्या बापाचं नाव काळंभोर, काना-मात्रेसकट वळवळत होतं. शेतांना पाणी नेणाऱ्या चारीवर आलेल्या प्रत्येकाने ते वाचलं असणार.

"म्हातारी तिथं एकटीच राहते," ते म्हणाले. "जपलं पाहिजे तिला."

तशीच गाडी काढली.

मी पोचले तेव्हा कोनशिलेवर ओलं सिमेंट होतं. पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, चारी काठोकाठ वाहत होती, पण म्हातारीच्या शेतात पाणी सोडणारं दार बंद होतं आणि त्यावर नवंकोरं कुलूप होतं. पाणी तिच्या कांद्याजवळून सरळ पुढे चाललं होतं. पलीकडच्या बांधावर दोन माणसं मोटरसायकलवर नुसती बसून होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मावशी, मी त्यांना सांगते. तुमच्या वडिलांचं नाव कुठंच येणार नाही."

तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता लिव्हा," ती म्हणाली. "पानी तर गेलंच. नाव कशाला घालवायचं?"

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. अध्यक्षच होते. म्हातारी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तो तिच्यासमोरच घेतला. तिच्या बापाचं नाव स्पष्ट उच्चारून मी सांगितलं, की बंधाऱ्याचं प्रकरण मी त्यांच्यावर लिहिणार आहे.

ते तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "सावेडीत तुम्हीही एकट्याच राहता ना, मॅडम?"